आधी पाया, मग नाक
वाचकांचे प्रश्न : आत राहिलेला मध्यचेहरा आणि बसकं नाक

डोळ्यांच्या खालच्या कडेपासून वरच्या ओठापर्यंतचा चेहरा आत राहिलेला आणि त्यावर नाक बसलेलं. या एकाच तक्रारीची पाच पत्रं यावेळी निवडली आहेत. उत्तरं प्लास्टिक सर्जन, जबड्याचे सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (दातांना तारा लावून ते सरळ करणारे डॉक्टर) यांनी एकत्र बसून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. जन्मापासून नाक बसकं, नाकपुड्या अर्धचंद्रासारख्या. डॉक्टरांनी ‘बाइंडर सिंड्रोम’ असं लिहून दिलं. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी नाक नीट ओढलं नाही म्हणून असं झालं, असं सासूबाई म्हणतात. गरोदरपणी मी फिट्सची गोळी घेत होते, सातव्या महिन्यात ग्रहणही आलं होतं. चूक कुणाची? आणि ऑपरेशन आत्ताच करावं का? (एक आई, सातारा जिल्हा)

ताई, चूक कुणाचीच नाही. नाकाची घडण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत होते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाच्या वेळी मुलीचं नाक कधीच तयार झालेलं होतं. न्हाऊ घालणाऱ्या बाईंचाही दोष नाही, कारण ओढून कूर्चा (नाकातलं मऊ, लवचिक हाड) वाढत नाही. कुणी तुम्हाला पुन्हा बोललं तर हा मजकूर त्यांच्यापुढे ठेवा.

वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला, बरोबर मधोमध, हाडाचा एक लहान काटा असतो. वरच्या ओठाखालून बोट वर सरकवलं की नाकाच्या बुडाशी तो लागतो. नाकाचा मधला पडदा त्याच्यावर टेकलेला असतो. बाइंडरमध्ये हा काटा नसतो किंवा नावापुरता असतो, आणि तिथे बोटाला खळगा लागतो. टेकू नाही म्हणून टोक खाली येतं, नाकपुड्यांमधला खांब आखूड राहतो, नाकपुड्या अर्धचंद्राकृती दिसतात आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना गाल खोल जातात. जर्मनीतल्या बाइंडर यांनी १९६२ मध्ये तीन रुग्णांवरून ही लक्षणं एकत्र मांडली, म्हणून हे नाव. बुद्धीशी याचा काही संबंध नाही. अशी मुलं शाळेत इतरांसारखीच शिकतात.

गोळीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. फिनिटॉइनसारखी फिट्सची काही औषधं आणि हृदयाची झडप बदललेल्यांना दिलं जाणारं वॉरफरिन ही गर्भातल्या व्हिटॅमिन-केच्या कामात अडथळा आणतात. त्यामुळे नाकाच्या कूर्चेत अवेळी चुना साठतो आणि तिची वाढ खुंटते, असं मानलं जातं. मात्र बहुतेक रुग्णांत असं कुठलंही कारण सापडत नाही, आणि तुम्ही कोणती गोळी घेत होतात ते पत्रात नाही. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटून औषध बदलता येतं का ते विचारा. मनानं गोळी कधीही बंद करू नका. गरोदरपणी येणारी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

आता करायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मानेचा एक्स-रे, आणि नेमका तोच राहून जातो. बाइंडर असलेल्यांत मानेच्या मणक्यांचे दोष वारंवार सापडतात. तपासलेल्या काही गटांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास निघालं आहे. कुठे दोन मणके जोडलेले असतात, कुठे वरच्या मणक्यांची ठेवण वेगळी असते. एरवी त्याचा त्रास होत नाही, पण भूल देताना नळी घालण्यासाठी मान मागे वाकवतात, तेव्हा हे आधी माहीत असावंच लागतं. मान पुढे वाकवून एक आणि मागे करून एक असे बाजूने दोन एक्स-रे काढायचे. पुढे दाताचं असो, टॉन्सिलचं असो, कुठलंही ऑपरेशन ठरलं तर हे फोटो भूलतज्ज्ञांना दाखवा. सोबत एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्या.

सहाव्या वर्षी मोठं ऑपरेशन नको. चेहरा अजून वाढायचा आहे. सात ते नऊ या वयात खालचे दात वरच्या दातांच्या पुढे जायला लागले, तर ऑर्थोडॉन्टिस्ट कपाळ आणि हनुवटीवर टेकणारा फेसमास्क देतात. त्याचे रबर वरच्या जबड्याला पुढे ओढतात. रोज १२ ते १४ तास लावला तरच उपयोग होतो, नुसता झोपेत लावून भागत नाही. त्यानं दातांची जुळणी सुधारते, नाक वर येत नाही, हे आधीच समजून घ्या.

काही सर्जन लहानपणीच बरगडीच्या कूर्चेचा तुकडा नाकात घालतात. घट्ट त्वचा आणि नाकाचं आतलं अस्तर हळूहळू ताणलं जावं, म्हणजे मोठेपणी खरं नाक घडवायला जागा मिळते, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पण चेहरा वाढतो आणि तो तुकडा त्या मापानं वाढत नाही, त्यामुळे दुसरं ऑपरेशन ठरलेलंच. शाळेत चिडवण्यामुळे मूल घराबाहेर पडेनासं झालं असेल तरच आम्ही हा मार्ग सुचवू, आणि तोही सहाव्या वर्षी नाही, आठ-दहाच्या पुढे. तोवर दर सहा महिन्यांनी दात आणि चेहऱ्याचे फोटो, एकाच अंतरावरून, समोरून आणि बाजूने, काढून ठेवा. पुढे सर्जनना त्यांचा फार उपयोग होतो.

प्रश्न : वय १९, बाइंडर सिंड्रोम. माझे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, नाक आणि गाल आत आहेत. एका ठिकाणी सांगितलं की नाकात सिलिकॉन घालू, तासाभराचं काम. दुसरीकडे दीड वर्ष तारा, मग जबड्याचं ऑपरेशन, मग नाक, असं सांगितलं. दुसरे डॉक्टर उगाच लांबवत आहेत का? (नागपूर)

लांबवत नाहीत, बरोबर सांगत आहेत. नाक वरच्या जबड्यावर उभं असतं. जबडा समजा आठ मिलिमीटर मागे असताना नाकाचा कणा उंच केला, तर बाजूने पाहताना कपाळ ते टोक ठीक दिसेल, पण त्याखालचा ओठ आणि गाल तसेच खोल राहतील. पुढे जबडा सरकवायची वेळ आलीच, तर नाकाचा पायाच हलेल आणि घातलेलं सगळं बिघडेल.

सिलिकॉनला आमचा विरोध आहे. बाइंडरच्या नाकाची त्वचा आणि आतलं अस्तर दोन्ही तोकडं असतं. ताणलेल्या त्वचेखाली कडक वस्तू बसवली की टोकापाशी त्वचा पातळ होत जाते, लाल दिसू लागते, आणि काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी वस्तू बाहेर डोकावते. ती काढल्यावर उरलेली व्रणाची त्वचा आधीपेक्षा आखडलेली असते.

आता क्रम. आधी ऑर्थोडॉन्टिस्टच्या तारा, साधारण १२ ते १८ महिने. इतकी वर्षं तुमच्या दातांनी जबड्याची चूक झाकलेली आहे: वरचे पुढे झुकलेत, खालचे आत. तारांनी ते आपापल्या हाडावर सरळ केले जातात, त्यामुळे या काळात चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं) आधीपेक्षा वाईट दिसतो. अनेक जण इथेच घाबरून तारा काढून टाकतात. तसं करू नका.

मग ऑपरेशन, ज्याला ले फोर्ट-१ म्हणतात. फ्रेंच सर्जन रेने ले फोर्ट यांनी १९०१ मध्ये चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर तुटतात ते दाखवलं. आज सर्जन त्याच रेषांवर मुद्दाम काप घेतात. चेहऱ्यावर चीर नसते. वरच्या ओठाच्या आतल्या खाचेत, एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चीर घेतात. दातांच्या मुळांच्या टोकांपासून किमान पाच मिलिमीटर वर हाड आडवं कापतात. त्याखाली कापलं तर दातांचा रक्तपुरवठा तुटतो. नाकाचा पडदा आणि बाजूच्या भिंती सोडवतात, मागे वक्र छिन्नीनं जबडा वेगळा करून खाली आणतात. आधीच बनवलेल्या प्लास्टिकच्या साच्यात वरचे-खालचे दात बसवून नवी जागा पक्की करतात आणि चार टायटॅनियम प्लेटांनी जबडा बांधतात: दोन नाकाच्या कडेला, दोन गालाच्या हाडाच्या खांबावर. भुलेची नळी नाकातून घातलेली असते आणि रक्तदाब मुद्दाम थोडा कमी ठेवतात, म्हणजे रक्त कमी जातं.

जबडा पुढे आला की नाकपुड्या रुंद होतात. बसक्या नाकाला हे मुळीच परवडत नाही. म्हणून टाके घालण्याआधी दोन्ही नाकपुड्यांच्या बुडातून एक दोरा ओवून त्या आवळतात. हा टाका घालणार का, हे सर्जनना आवर्जून विचारा.

एक बारीक पण मोलाची गोष्ट. ले फोर्ट-१ मध्ये दातांचा भाग पुढे येतो, कापाच्या वरचा नाकाशेजारचा खळगा तसाच राहतो. तो भरायला हाडाचे किंवा कूर्चेचे तुकडे बाजूला बसवतात. नाकाच्या मुळाशीच हाड आखूड असेल, तर नाकासकट जबडा पिरॅमिडच्या आकारात पुढे आणणारं ले फोर्ट-२ करतात. ते डोळ्यांच्या कोपऱ्याजवळून जातं, अश्रूंच्या नळीला जपावं लागतं, म्हणून त्याचा अनुभव असलेल्याकडेच करावं. उलट चावा ठीक असेल तर जबडा कापायची गरजच नाही. बाइंडरच्या सौम्य रुग्णांत नाक आणि बाजूचे खळगे एवढंच काम पुरतं. पत्रावरून तुम्ही या सौम्य गटातले वाटत नाही.

पहिले दोन आठवडे पातळ आहार: पेज, वरणाचं पाणी, ताक, मिक्सरमधून काढलेली खिचडी. सहा आठवड्यांपर्यंत मऊ भात-वरण. भाकरी, शेंगदाणे, चिवडा त्यानंतर. वरचा ओठ आणि गाल काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहतात. तंबाखू किंवा मशेरी लावत असाल तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद करा. जखम थेट हिरडीच्या वर असते. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात आणि पुढे आणलेल्या हाडाचं पोषण टाळूच्या आणि हिरडीच्या मऊ भागातूनच होतं.

नाकाचं ऑपरेशन त्यानंतर सहा महिन्यांनी. सूज उतरल्याशिवाय नाकाला किती उंची द्यायची हे ठरवता येत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते, दोन्ही ऑपरेशनं लहानपणी झाली. आता ती पंधरा वर्षांची, दहावीत आहे. वरचा जबडा १४ मिलिमीटर मागे आहे. डोक्याला चौकट लावून रोज स्क्रू फिरवायचा, असं सर्जन म्हणतात. हे सुरक्षित आहे का? बोलण्यावर परिणाम होईल का? (एक वडील, कोल्हापूर जिल्हा)

हे बाइंडरपेक्षा वेगळं कारण आहे. लहानपणच्या टाळूच्या ऑपरेशनचे व्रण वरच्या जबड्याची पुढची वाढ रोखतात. म्हणून टाळू शिवायचा नाही असं नव्हे, तो शिवला नसता तर बोलणंच आलं नसतं.

१४ मिलिमीटर एका झटक्यात पुढे आणले, तर व्रणानं आखडलेला टाळू जबडा परत मागे ओढतो. साधारण दहा मिलिमीटरच्या पुढे हा धोका फार वाढतो. म्हणून हाड कापून ते रोज थोडं थोडं खेचतात, मधल्या फटीत नवीन हाड तयार होतं आणि कातडी, स्नायूही सोबत लांबतात. याला डिस्ट्रॅक्शन म्हणतात. डोक्याच्या चौकटीची ही पद्धत अमेरिकेतल्या पॉली आणि फिगुएरोआ यांनी १९९७ मध्ये मांडली.

हिशोब असा. ऑपरेशननंतर पाच दिवस काहीच फिरवायचं नाही. मग रोज एक मिलिमीटर, सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा. थोडं मागे सरकणार हे धरून दोन-तीन मिलिमीटर जास्त पुढे नेतात, म्हणजे १६-१७ दिवस. हाड पक्कं व्हायला पुढे ८ ते १२ आठवडे लागतात. काही सर्जन चौकट लवकर काढून उरलेल्या काळात रात्री फेसमास्क देतात. घाईनं रोज दोन मिलिमीटर फिरवलं तर फटीत हाडाऐवजी तंतूंचं जाळं तयार होतं. दिवस चुकवले तर हाड लवकर जुळून जबडा मध्येच अडकतो. वहीत तारीख, वेळ आणि किती फिरवलं ते लिहून ठेवा.

चौकटीच्या पिना कानाच्या वर कवटीच्या बाहेरच्या थरात बसतात, मेंदूपर्यंत जात नाहीत. तिथलं हाड पुरेसं जाड आहे का हे सीटी स्कॅनवर आधी पाहतात. पिनांभोवती रोज सलाइननं पुसून घ्यायचं. पिन सैल वाटली, पू आला, किंवा मुलगी डोक्यावर पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दोन गोष्टी आधी विचारा. हिरडीच्या फटीत हाड भरण्याचं ऑपरेशन आठ ते अकराच्या सुमारास, सुळा उगवण्याआधी, झालं होतं का? झालं नसेल तर जबडा दोन तुकड्यांत हलेल. ते काम पहिलं. दुसरं, वाढ थांबली आहे का? सहा महिन्यांच्या अंतरानं चेहऱ्याचे बाजूचे दोन एक्स-रे काढतात. मापं सारखी आली तर थांबली. खालचा जबडा अजून वाढत असेल तर आज जुळवलेले दात उद्या पुन्हा उलटे होतील.

बोलण्याबद्दल तुम्ही विचारलंत ते फार योग्य. वरचा जबडा पुढे गेला की मऊ टाळूही पुढे जातो आणि घशाच्या मागच्या भिंतीपासूनचं अंतर वाढतं. आधीच जेमतेम टेकणारा टाळू मग टेकेनासा होतो, हवा नाकातून जाते. घरी एक साधी चाचणी: नाकाखाली आरसा धरून मुलीला ‘काका’, ‘पापा’, ‘बाबा’ असे शब्द म्हणायला सांगा. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. (‘मामा’ घेऊ नका, ‘म’ नाकातूनच निघतो.) हे स्पीच थेरपिस्टला दाखवा आणि ऑपरेशनआधी नाकातून दुर्बीण घालून टाळूची हालचाल पाहून घ्या. बोलणं बिघडलं तर जबडा स्थिरावल्यावर टाळूचं आणखी एक ऑपरेशन करून ते सुधारता येतं, पण याची कल्पना मुलीला आधी द्यायला हवी. सही तुमची असली तरी चौकट तिच्या डोक्यावर असणार आहे.

दहावीचा पेपर टळू नये म्हणून एप्रिलच्या सुरुवातीची तारीख मागा. कॉलेज सुरू होईपर्यंत चौकट बहुधा निघालेली असेल.

प्रश्न : बाइंडरसाठी जबड्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, चावा छान आहे. आता नाक. बरगडी का कापायची? नाक पुढे वाकडं होतं असं ऐकलं. लग्नाचं बघतायत घरी, ‘नकटीच्या लग्नाला’ ही म्हण मी आयुष्यभर ऐकत आले आहे. (वय २४, रत्नागिरी)

ती म्हण तुमच्या कानावर पडू नये असं आम्हालाही मनापासून वाटतं. लग्नाची तारीख आणि ऑपरेशनची तारीख मात्र एकमेकींना बांधू नका. टोकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं.

बरगडी अशासाठी, की तुम्हाला लागणारा साठा दुसरीकडे नाही. नाकाचा पडदा छोटा, आणि कानाची कूर्चा मऊ आणि वाकडी. हाड कापावं लागत नाही. सहाव्या-सातव्या बरगडीचं पुढचं कूर्चेचं टोक घेतात. चीर तीन-चार सेंटिमीटर, स्तनाच्या खालच्या घडीत, दिसत नाही. बरगडीच्या आतलं पातळ आवरण जागेवरच ठेवतात. टाके घालण्याआधी जखमेत सलाइन भरून भूलतज्ज्ञ फुप्फुस फुगवतात. बुडबुडे आले नाहीत म्हणजे फुप्फुसाचं आवरण शाबूत आहे. नंतर छातीचा एक्स-रे. खोकताना, हसताना दोन-तीन आठवडे दुखेल. नाकापेक्षा छातीच जास्त दुखते, हे सगळेच सांगतात.

नाक वाकडं का होतं? बरगडीच्या कूर्चेच्या बाहेरच्या थरात ताण साठलेला असतो. एका बाजूचा थर तासला आणि दुसरीकडचा ठेवला, की पट्टी धनुष्यासारखी वाकते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये उपाय सांगितला: दोन्ही बाजूंनी सारखं तासायचं, मधला गाभा घ्यायचा. आजही तेच पाळतात. कापलेला तुकडा अर्धा तास सलाइनमध्ये ठेवतात. वाकायचा तो तिथेच वाकतो, आणि तो नाकात घालायचा नाही. इथे घाई केलेली पुढे वर्षभरानं दिसते.

नाकात दोन भाग बसतात. कण्यावर साधारण साडेतीन-चार सेंटिमीटरची पट्टी आणि खालून तिला पेलणारा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा खांब. दोन्ही खोबणीत अडकवून इंग्रजी ‘एल’चा आकार तयार होतो. खांबाचं बूड कुठे टेकतं हा बाइंडरमधला खरा प्रश्न. इतरांच्या नाकात तो हाडाच्या त्या काट्यावर बांधतात, तुमच्याकडे काटाच नाही. म्हणून जबड्याच्या हाडाला भोक पाडून दोऱ्यानं किंवा लहान प्लेटनं तो पक्का करावा लागतो. नुसता मांसात ठेवलेला खांब महिन्याभरात एका बाजूला घसरतो आणि टोक पुन्हा खाली येतं.

उंची त्वचा ठरवते. नाकपुड्यांमधल्या खांबावर उलट्या ‘व्ही’ची चीर घेऊन त्वचा उचलतात, ती सर्व बाजूंनी सोडवतात, कूर्चा बसवून चीर बंद करतात. टोक पांढरं पडलं आणि काही मिनिटांत गुलाबी झालं नाही, तर आतला कूर्चेचा खांब तिथेच कापून कमी करायला हवा. एखाद्या फोटोएवढं उंच नाक हवं म्हणून टोक पांढरं ठेवून टाके घालणं म्हणजे त्वचा काळी पडण्याला आमंत्रण. हवी तेवढी उंची एका वेळी मिळाली नाही, तर वर्षभरानं ताणलेल्या त्वचेत आणखी एक थर बसवता येतो.

नाकपुड्यांमधले टाके पाचव्या-सहाव्या दिवशी निघतात, नाकावर बाहेरून लावलेली पट्टी सातव्या दिवशी. सहा आठवडे चष्मा नाकावर टेकवू नका, कपाळावरून चिकटपट्टीनं टांगा. शिंक आली तर तोंड उघडं ठेवा. नाक शिंकरू नका. वाढती लाली, ठणका, ताप यांपैकी काहीही दिसलं तर रविवार असला तरी फोन करा.

प्रश्न : ऑपरेशन टाळून इंजेक्शनं (फिलर) घेतली तर? आणि खर्चाचं काय? (पुणे)

फिलर, म्हणजे त्वचेखाली भराव म्हणून टोचलं जाणारं जेल, नको. नाकाच्या आणि नाकाशेजारच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. फिलर चुकून वाहिनीत गेलं तर त्वचा मरते, क्वचित दृष्टी कायमची जाते. आधी ऑपरेशन झालेल्या, व्रण असलेल्या घट्ट त्वचेत हा धोका आणखी मोठा.

खर्चाबद्दल: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत जबड्याच्या शस्त्रक्रियेचा आणि ऑर्थोडॉन्टिक्सचा असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. जबड्याच्या कामाला याचा फार फायदा होतो. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. दुभंगलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे आणि तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. खाजगी विमा असेल तर अनेक पॉलिसी बाहेरून दिसणारं जन्मजात व्यंग वगळतात, म्हणून कलम आधी वाचा. डॉक्टरांच्या पत्रात ‘नाक सुंदर करणे’ असं न लिहिता चाव्याचा उलटेपणा किती मिलिमीटर, श्वासाचा त्रास, बोलण्यातला दोष आणि एक्स-रेवरची मापं नेमकी लिहून घ्या. मानेच्या एक्स-रेची प्रतही त्याच फायलीत ठेवा.